पाठमोरा नऊ नंबर

"सूनबाई, नारळ तेवढा द्या, म्हंजे आम्ही मोकळं झालो," असं म्हणत बळवंत वस्तादांनी आमच्या सोप्यात बैठक मारली. त्यांच्या मागोमाग आलेल्या सेक्रेटरी विश्वासरावांनी पिशवीतून एक शेंडीवाला नारळ काढला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. म्हणजे द्यायचा नारळसुद्धा त्यांनीच आणला होता. आईने तो उचलून वस्तादांच्या हातात ठेवायचा, की काम फत्ते.

आईने नारळ उचलला खरा. कानाशी नेऊन हलवला, पाणी आहे का बघितलं, आणि सरळ आत फडताळात ठेवून आली.

"चहा घेणार न्हवं?" ती म्हणाली.

"घेतो की. पण ते नारळाचं..."

"आधी चित्र बघीन. मग नारळ."

विश्वासराव वस्तादांकडे बघायला लागले आणि वस्ताद छताकडे. माझे वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी हातातला पेपर जरा वर धरला, इतका की त्यांचं तोंड दिसेना. मी चहा टाकायला उठले. पेपर उलटा धरलेला होता, हे मला जाताजाता दिसलं.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे फुटबॉलची टीम तालमीची असते. एकेका पेठेची एकेक तालीम, तालमीत मारुती, मारुतीसमोर लाल माती, आणि त्याच तालमीची पोरं दुपारी स्टेडियमवर फुटबॉल खेळणार. कुस्त्यांचं वेड कमी झालं तशी पेठापेठांतली सगळी ईर्षा या फुटबॉलात शिरली. आमची पिंपळकट्टा तालीम आणि पलीकडची चांदणी तालीम यांची मॅच असली की दोन्ही पेठांतली माणसं लग्नाचा मुहूर्तसुद्धा विचार करून धरत. आणि पिंपळकट्ट्याचा सेंटर फॉरवर्ड, नऊ नंबरचा शर्ट घालणारा आकाराम अतिग्रे, म्हणजे माझे आबा.

त्यांच्या खेळाबद्दल मी काय सांगू? मी त्यांना भरात असताना पाहिलेलंच नाही. पण मी रस्त्याने चालले की "आकारामची पोरगी" म्हणून म्हातारी माणसं कौतुकाने बघत. वाणी मापात मूठभर शेंगदाणे जास्त टाकी. चांदणी पेठेतला न्हावीसुद्धा, जो आबांना शिव्या दिल्याशिवाय वस्तरा उचलत नसे, तो म्हणायचा, "लई हलकट माणूस, पण पायात जादू होती." मला यातलं शेवटचं तेवढंच ऐकू यायचं. त्या वयात तसंच असतं.

कारण घरातले आबा वेगळे होते. त्यांच्या खेळावर खूश होऊन एका फौंड्रीवाल्याने दिलेली नोकरी त्यांनी घालवली. रेफ्रीच्या कानाखाली वाजवली म्हणून एक अख्खा सीझन बाहेर बसले. दारू प्यायचे, आणि प्यायले की आईवर हात टाकायचे. आमच्या गल्लीतल्या भिंती पातळ. रात्री काय झालं ते सकाळी पाण्याच्या नळावर सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि रविवारी तीच सगळी माणसं आबांना खांद्यावर घेऊन गुलालात नाचायची.

मी सांगते आहे त्या वेळेपर्यंत हे बरंचसं मागे पडलं होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आबांच्या लिव्हरने दगा दिला होता, डॉक्टरांनी सज्जड दम भरला होता आणि बाटली सुटली होती. सगळा दिवस ते तालमीच्या कट्ट्यावर बसून असत. पोरं येताजाता पाया पडत, हीच त्यांची कमाई. अशात तालमीची नवी इमारत उभी राहिली आणि आत भिंतीवर तैलचित्रं लावायचं ठरलं. दोन जुने वस्ताद, एक हिंदकेसरीच्या तोडीचा पैलवान, आणि फुटबॉलवाल्यांतला पहिला मान आबांचा. जिवंत माणसाचं चित्र तालमीत लागायची ती पहिलीच वेळ.

आता नारळाची रीत. ज्याचं चित्र लागणार त्याच्या घरच्या बाईने आपल्या हाताने नारळ द्यायचा, तो फोडायचा, आणि मगच चित्र खिळ्याला अडकवायचं. ही रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. फार मागे एकदा एका वारलेल्या पैलवानाचा फोटो त्याच्या बायकोला न विचारता लावला होता. ती नवऱ्याला कंटाळून माहेरी निघून गेलेली. त्या सीझनला आमची टीम एकही मॅच जिंकली नाही. शाळकरी वाटणाऱ्या पोरांच्या टीमनेसुद्धा आम्हाला धुऊन काढलं. शेवटी फोटो उतरवला, भिंत दुधाने धुतली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. खरंखोटं मारुती जाणे. पण बळवंत वस्ताद एक वेळ स्वतःचं नाव विसरले असते, ती चूक पुन्हा करणार नव्हते.

म्हणून सगळी पेठ आईच्या मुठीत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी जेवताना ताटात खोबऱ्याची चटणी होती. हिरव्या मिरचीची, वर कडकडीत फोडणी. आबांनी घास घेतला, चटणीकडे बघितलं, मग फडताळाकडे बघितलं. विश्वासरावांचा नारळ जागेवर नव्हता. आबांनी चटणी दोनदा मागून घेतली मात्र.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी आईला गाठलं. "आई, दे की गं नारळ. आता तर त्यांनी सोडलीया."

"डॉक्टरनं सोडवली. त्यांनी कुठं सोडली?"

"पण सगळी पेठ त्यांना हिरो म्हणती."

"म्हणू दे की. मी कुणाचं तोंड धरलंय?" तिने कढई माझ्याकडे सरकवली. "तुला काय वाटतं, उजा? लावावं?"

मला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी पटकन म्हणाले, "व्हय. लावावं."

"का?"

मला ते चित्र हवं होतं, एवढंच. ते चित्र भिंतीवर गेलं की आमच्या घरात जे झालं ते सगळं पुसून जाईल, आणि मी नुसती आकारामची पोरगी राहीन, असं काहीतरी माझ्या मनात असावं. आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भांड्यांना लागली. "बघू," ती म्हणाली. "चित्र बघितल्याबिगर कसं सांगू?"

रविवारी सकाळी चित्र बघायचा कार्यक्रम ठरला. तालमीच्या मातीवर बाईमाणूस पाय ठेवत नाही, त्यामुळे चित्रच बाहेर आणावं लागलं. भर गल्लीत, पिंपळाखाली, दोन स्टुलांवर ते उभं केलं. वर पांढरी चादर. शेजारी बादशाभाई पेंटर, सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवून पेठेत नाव कमावलेला माणूस, हात मागे बांधून परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. वस्ताद, विश्वासराव, टीमची पोरं. आणि बायका, दारादारांतून, उंबऱ्याउंबऱ्यांवर. आईला बघायला एवढ्या बायका कधी जमल्या नव्हत्या.

आबा चित्राच्या बाजूला उभे होते. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला असायचा, पण त्या दिवशी तो बघून मला लहानपणच्या दिवाळीची आठवण झाली. त्यांच्याजवळ आता दुसरं काहीच उरलं नव्हतं. हे चित्र लागलं नाही तर हा माणूस कट्ट्यावरसुद्धा बसू शकणार नाही, हे मला दिसत होतं. आईलाही दिसत असणार.

बादशाभाईंनी चादर ओढली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

चित्र झकासच होतं. डोक्याला तुरेदार कोल्हापुरी फेटा, खांद्यावर जरीकाठी शाल, छातीवर पदक, कपाळाला टिळा. मिशी तलवारकट. नजर लांब कुठेतरी, जणू पन्हाळ्यावर लागलेली. मागे उगवता सूर्य. एखाद्या संस्थानाचे अधिपती असावेत असे आबा दिसत होते.

आई पुढे आली. कमरेवर हात ठेवून तिने चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं, मग खालपासून वर.

"बादशाभाई, रंग झकास दिलाईसा."

"मेहेरबानी, वैनी."

"शालीची जरीकिनार तर काय इतकी सुरेख आलीया. नुसती हात लावून बघावी वाटती." मग तिने मान वळवली. "पण ह्यो माणूस कोण?"

बादशाभाई गोंधळले. "म्हंजे? आकारामभाऊच की."

"नव्हं. हा माणूस आमच्या घरात कधी आला न्हाई."

एका उंबऱ्यावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरीकडून. हां हां म्हणता सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

वस्तादांनी काठी आपटली. "सूनबाई, थट्टा पुरे. माणूस म्हटला की दोष असायचंच. देवाची चित्रं लावायची म्हटली तर भिंती मोकळ्याच राहतील. आकारामनं पेठेचं नाव केलंय. चांदणीवाल्यास्नी तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. त्याचा मान आम्ही करायचा का न्हाई?"

"करा की मामा."

"मग?"

"मग सकाळी पोरं येणार, मारुतीच्या पाया पडणार, आन् मग ह्या फेटेवाल्याच्या. व्हय न्हवं? असा असावा माणूस म्हणून हात जोडणार." तिचा आवाज चढला नव्हता. "आन् मग घरला जाऊन काय करायचं त्यांनी? आकारामसारखंच वागायचं?"

विश्वासरावांनी घसा खाकरला, पण नुसताच खाकरला. पोरं चपलेने माती उकरत होती.

मला आईचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, आजारी माणसाला. घरात काय बोलायचं ते बोलावं.

"राहू दे शालन," आबा म्हणाले. "नको तर नको. बादशा, झाक ते."

ते वळले. कट्ट्याकडेसुद्धा नाही, घराकडे निघाले. पाठीमागून त्यांची मान एकदम म्हाताऱ्या माणसासारखी दिसली.

"थांबा," आई म्हणाली. "मी नको कुठं म्हटलं?"

आबा थांबले.

"मामा, चित्र लावायचं तर त्यो गोल लावा. चांदणीबरुबरच्या फायनलचा. शेवटचा."

तो गोल आमच्या पेठेत सांगावा लागत नाही. दोन्ही टीमचे एक-एक गोल झालेले, शिट्टी वाजायची वेळ झालेली, आणि आबांनी हवेत आडवं होऊन मारलेला तो गोल. मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. पण सांगणारे सगळे पुरुष असत.

"त्यो गोल तुमास्नी काय ठावं, वैनी?" विश्वासराव म्हणाले. "तवा बायका कुठं येत होत्या स्टेडियमात?"

"स्टेडियमात न्हाई. गोलच्या मागं घरं हायती न्हवं, तिथं माझ्या आत्तीची माडी हाय. मी तिथं होते. खिडकीत."

आबा तिच्याकडे बघत होते.

"उजा पोटात होती," आई म्हणाली. "त्या दिशी सकाळी ह्यांनी हात टाकला. का ते आता आठवत न्हाई. मॅचच्या दिशी ह्यांचं डोकं जाग्यावर नसायचं. ओठ असा टम्म सुजलेला. आत्तीला म्हटलं गांधीलमाशी चावली. ती बी शहाणी, तिनं हळद लावली आन् गप्प बसली. सगळी खिडकीत गेली, म्हणून मी बी गेले. पदर असा तोंडाला. आन् मनात म्हणत हुते, हरू दे मेल्याला. पाय मोडू दे."

हे सगळ्यांना माहीत होतं, आणि हे कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"लई वेळ काय झालंच न्हाई. नुसती ढकलाढकली. आन् मग उजवीकडनं बॉल आला. उंच. ह्यांची पाठ आमच्याकडं. मला वाटलं, गेला डोक्यावरनं. आन् हे उठलं. उडी न्हवं ती, मामा. कुणीतरी खालनं उचलून धरल्यागत वर गेलं आन् तिथंच ऱ्हायलं. मी तवर त्या पाठीवरचा नऊ नंबर शंभरदा धुतलेला, वाळत घातलेला. पर तसा कधी बघितला न्हवता. ह्यांची मान मागं पडली, पाय आभाळात गेला, आन् जाळी अशी हालली."

तिने हात वर करून दाखवला. बांगड्या खाली कोपरापर्यंत घसरल्या.

"आन् मी काय केलं सांगू? पदर सोडला आन् टाळ्या वाजवल्या. वरडले. तशा सुजलेल्या तोंडानं वरडले. आत्ती म्हणाली, शालन, तुझी गांधीलमाशी कुठं गेली गं?"

या वेळी बायका हसल्या नाहीत.

"मी टाळ्या का वाजवल्या ते मला आजपातुर कळलेलं न्हाई. पर वाजवल्या. ओठ बी खरा आन् टाळ्या बी खऱ्या. बादशाभाई, तुमच्यानं ते काढाय होत असंल तर काढा. त्याला मी नारळ देते. ह्या फेट्याला देणार न्हाई."

बादशाभाई डोकं खाजवत म्हणाले, "काढीन वैनी. का न्हाई काढणार? पण त्यात भाऊंचं तोंड दिसायचं न्हाई. पाठच येणार."

"तोंड नकोच. भिंतीवर गोल लावा. तोंड घरात हाय, ते माझं मी बघून घेते."

आणि मग आबा बोलले. इतका वेळ ते जिथे थांबले होते तिथेच होते. सगळ्या गल्लीला विसरून त्यांनी विचारलं, "तू आलतीस?"

"आलते."

"कधी बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही कधी इचारलंसा?"

आबांनी मान खाली घातली. मग ते बादशाभाईंजवळ आले आणि म्हणाले, "ती म्हणती तसं कर."

बादशाभाईंनी मनापासून काम केलं. फेटेवाले महाराज त्यांनी कोऱ्या रंगाखाली गाडून टाकले आणि त्याच कॅनव्हासवर नव्याने सुरुवात केली. त्यांची पंचाईत अशी, की हवेत आडव्या माणसाचे हात कुठे असतात हे त्यांना जमेना. सिनेमातला हिरो हात कुठेही टाकतो, पण हे फुटबॉलवाल्यांना दाखवायचं होतं. तर एका दुपारी ते आमच्या सोप्यात आले. आबा लाकडी बाकावर उताणे झाले आणि एक पाय छताकडे करून पडले. पन्नाशीचा, दुखणाईत माणूस. आई भाजी निवडत बसली होती, ती तिथूनच सांगत होती.

"डावा हात खाली. अजून खाली. असा न्हाई, पंजा उघडा होता."

"उघडा कशाला असंल?" आबा बाकावरून कुरकुरले.

"मला काय म्हाईत? तुम्ही उघडा ठेवलासा, मी बघितलं."

आबांनी पंजा उघडला. पायात गोळा आला तेव्हा ते "अगं आई गं" करून उठले, आणि बादशाभाईंची हसून हसून पेन्सिल खाली पडली. आईसुद्धा हसली. भाजीच्या परातीवर वाकून, पण हसली. मी दाराशी उभी होते. माझा राग कधी गेला ते मला कळलंच नाही. उलट असं वाटायला लागलं, की एवढ्या मोठ्या पेठेत तो गोल धड एकाच माणसाने पाहिला होता, आणि ते माणूस आमच्या घरात भाजी निवडत बसलं होतं.

उद्‌घाटनाच्या दिवशी गल्लीत मांडव. हलगीवाले, गुलाल, शहरातली चार प्रतिष्ठित माणसं. चांदणी तालमीचेही जुने खेळाडू आले होते, आपल्या विरुद्धचाच गोल भिंतीला लागताना बघायला; त्यालाही काळीज लागतं. चारी चित्रं मांडवात ओळीने उभी होती. जुन्या वस्तादांची आणि पैलवानाची तोंडं लोकांकडे, आणि चौथ्यात फक्त आभाळ, गोलची जाळी, आणि हवेत उठलेली एक पाठ. भगव्या शर्टावर पांढरा नऊ. डावा पंजा उघडा. बादशाभाईंनी आयुष्यात त्याहून चांगलं काही काढलं नसेल.

विश्वासरावांनी माइक हातात घेतला आणि सुरू झाले. "बंधू-भगिनींनो, पिंपळकट्ट्याची शान, आपल्या पेठेचा हिरो, एकच हिरो..."

"विश्वास," आबा म्हणाले, "हिरो म्हणू नगंस."

लोकांना वाटलं, मोठेपणा आहे. टाळ्या पडल्या. आबा उठून माइकपाशी गेले. त्यांनी जन्मात भाषण केलं नव्हतं. माइक दोन्ही हातांनी असा धरला, जणू कुणी काढून घेणार आहे.

"गोल मी मारला," ते म्हणाले. "त्यो खरा हाय. चांदणीची माणसं बसल्यात, ती बी सांगतील."

चांदणीवाल्यांतल्या एका टकल्या म्हाताऱ्याने मान हलवली.

"आन् त्या दिशी सकाळी बायकोला मारलं, ते बी मीच. नुसतं त्याच दिशी न्हवं. लई वेळा." मांडवात कुजबूज झाली आणि थांबली. "तुमास्नी सगळ्यास्नी ऐकू येत होतं. मला कुणी इचारलं न्हाई. का, तर मी गोल मारत होतो. इचारायला पाहिजे होतं. न्हाई, तुमच्यावर ढकलत न्हाई. हात माझाच होता. पर पुढं कुणी गोल मारंल त्याला इचारा."

त्यांनी घाम पुसला.

"पोरास्नी एकच सांगतो. पाया मारुतीच्या पडा. चित्राच्या पडू नगा. चित्र बघा आन् ग्राउंडवर जावा. आन् घरला गेल्यावर माझ्यागत वागू नगा."

कुणी टाळी वाजवली नाही. कशी वाजवणार? हलगीवाल्याची काडी हलगीवर टेकलेली, तशीच राहिली. प्रतिष्ठित माणसं आपापल्या हारातली फुलं मोजत बसली. बळवंत वस्ताद उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांच्या कारभाराला अशा प्रसंगाची सवय नव्हती.

मी आईकडे बघितलं. तिने नवीन हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर नारळ, त्यावर हळदकुंकू. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. ती उठली. मांडवाच्या मधून, सगळ्या पुरुषांच्या मधून, ताठ चालत वस्तादांपुढे गेली. बायका आपोआप उभ्या राहिल्या. एकेक करून नव्हे, सगळ्याच.

"घ्या मामा," ती म्हणाली, आणि नारळ त्यांच्या हातात दिला.

वस्तादांनी तो घेतला. "सूनबाई, आम्ही बी ऐकत होतो."

"म्हाईत हाय मला. फोडा आता, उन्ह चढलंय."

वस्तादांनी नारळ फोडला. एका फटक्यात दोन शकलं झाली, पाणी उंबऱ्यावर सांडलं आणि हलगीवाल्याचा जीव भांड्यात पडला. असं काही वाजवलं त्याने, की पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. चित्र आत गेलं, खिळ्याला लागलं. चांदणीचा तो टकला म्हातारा बाहेरून मान उंचावून बघत होता. "पंजा उघडाच होता," तो कुणाला तरी म्हणाला. "मी खालीच पडलो होतो, मला दिसत होता."

या गोष्टीला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. आबांनी पुढे चारच वर्षं काढली. मला लोक अजून विचारतात, तुमचे वडील हिरो होते का हो? मी सांगते, त्यांच्यासारखा खेळाडू आमच्या पेठेने पाहिला नाही, आणि नवरा म्हणून ते वाईट होते, आणि एकदा माइक हातात घेऊन खरं बोलले. हिरो कशाला म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या दिवशी मांडवात माझी छाती अभिमानाने भरून आली होती, हे मी कुणालाही सांगते. थोडी आबांच्या, पुष्कळशी आईच्या. त्या दिवसापासून कुणी मला आकारामची पोरगी म्हटलं की मी दुरुस्ती करते. आकाराम आणि शालनची.

घरी परतताना आई आणि मी दोघीच होतो. आबांना पोरांनी कट्ट्यावर अडवून ठेवलं होतं. आईच्या हातात नारळाची अर्धी वाटी होती. मला राहवेना.

"आई," मी विचारलं, "आबांना माफ केलंस?"

ती रस्त्यातच थांबली आणि मला काही समजत नाही अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"माफ? माफ केलं म्हणून कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. "गोल चांगला होता, म्हणून नारळ दिला."